दारातली पहिली गाडी

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या शहापूर-मुरबाड भागात सोयरीक जुळवताना पूर्वी दोन प्रश्न हटकून विचारले जात : जमीन किती आणि गुरे किती. हल्ली त्यांत तिसऱ्या प्रश्नाची भर पडली आहे. दारात गाडी कोणती? गाडी आहे का, असे कोणी विचारत नाही. ती असणार हे गृहीतच धरलेले असते. उत्तरात मोटारसायकलचे नाव घेतले, तर पाहुणे चहाची बशी खाली ठेवून दुसराच विषय काढतात.

ज्या घरात आजवर चारचाकी आलेली नाही, अशा घराने पहिली गाडी कोणती घ्यावी, याविषयी मला काही मांडायचे आहे. कला शाखेच्या मुलीने लिहावा असा हा विषय नव्हे, असे काही मित्र म्हणतील. पण आपल्या तालुक्यांतील कितीतरी घरांत घरबांधणी आणि लग्न यांच्या खालोखालचा खर्च आता गाडीचा होऊ लागला आहे, आणि मुलांचे शिक्षण त्याच थैलीतून व्हायचे असते. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. गाडीचा हप्ता थकला तर पहिली कात्री कोणाच्या फीला लागेल, हे मला कोणी सांगायला नको. तेव्हा या विषयावर बोलण्याचा अधिकार मला आहे असे मी समजते.

माझे मत आरंभीच सांगून टाकते. पहिली गाडी जुनी घ्यावी, लहान घ्यावी, पेट्रोलची घ्यावी आणि रोख पैसे मोजून घ्यावी.

'जुनी' या शब्दापाशीच बहुतेकांचे घोडे अडते. ते का अडते याकडे मी पुढे येतेच. आधी गाडी मुळात हवी कशाला, ते पाहू. मुरबाड तालुक्यात आजही रेल्वे नाही. शहापुरात ती आहे, पण आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा असा तिचा एकच पट्टा. डोळखांब, किन्हवली या बाजूच्या माणसाला स्टेशन गाठण्यासाठीच आधी दुसरे वाहन शोधावे लागते. आमच्या तानसा-भातसाचे पाणी मुंबईपर्यंत बिनबोभाट पोहोचते. आम्हाला मात्र संध्याकाळची शेवटची एस.टी. चुकली की नाक्यावर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्या जीपला हात करावा लागतो. जीपमध्ये मागे आठ, मधे पाच, पुढे चार आणि दोघे पायरीवर. एस.टी.विरुद्ध माझी तक्रार नाही. मार्च २०२३ पासून आम्हा मुलींना आणि बायकांना अर्धे तिकीट आहे, माझे कॉलेज एस.टी.वरच चालते आणि दारात गाडी आली तरी ते तसेच चालणार आहे. गावोगावी वेळेवर एस.टी. येती, तर हा लेख निम्मा लिहावाच लागला नसता.

गाडी हवी ती अवेळेसाठी. गेल्या पावसाळ्यात एका रात्री आजीला धाप लागली. रुग्णवाहिका दुसरा रुग्ण घेऊन खाली गेलेली होती. गावात एकाकडे जीप होती. त्याला उठवले, डिझेल नाही म्हणाला, मग दुसऱ्याच्या ट्रॅक्टरमधले काढून त्यात घातले. तालुक्याला पोहोचेपर्यंत दीड तास गेला आणि भाडे झाले अडीच हजार रुपये. आजी बरी आहे. जीपवाल्याचाही काही दोष नाही. रात्री अडीच वाजता तो उठला हेच पुष्कळ. पण त्या रात्रीपासून आमच्या घरात 'गाडी पाहिजे' हे वाक्य चेष्टेत बोलले जाईनासे झाले. शिवाय भेंडीच्या दिवसांत माल कल्याणच्या बाजाराला लावायचा असतो, आईच्या बचत गटाच्या बायकांना तालुक्याला जायचे असते. ही झाली गरज. ती भागवायला चार चाके, चार दरवाजे आणि विश्वासाने सुरू होणारे इंजिन एवढे पुरे आहे.

पण आपण गाडी घेतो ती गरजेपुरती कुठे घेतो? टाटांच्या नॅनोचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर घडले आहे. स्कूटरवर पावसात भिजत चाललेले चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटांना त्या गाडीची कल्पना सुचली, असे ते स्वतः सांगत. जानेवारी २००८ मध्ये ती जगाला दाखवली, मार्च २००९ मध्ये बाजारात आली, आणि २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. गाडीत काही दोष होते, कारखान्याचे राजकारण झाले, हे सारे खरे. पण 'सर्वांत स्वस्त गाडी' ही तिची ख्यातीच तिला भोवली, असे पुढे खुद्द रतन टाटांनीही बोलून दाखवले. ज्याच्यासाठी गाडी बनवली, त्यालाच ती घेताना आपली गरिबी दारात उभी केल्यासारखे वाटले. ते स्कूटरवरचे कुटुंब सरळगाव नाक्यावर आजही पाहायला मिळते. फक्त स्कूटरच्या जागी मोटारसायकल आली आहे.

याच्या उलट मारुती ८००. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली. किंमत पन्नास हजारांच्या आसपास. तीही लहानच, ७९६ सीसी इंजिनाची. पण तिला कोणी गरिबाची गाडी म्हटले नाही. ती डॉक्टरांची, वकिलांची, बँकेतल्या साहेबांची गाडी होती. जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन बंद झाले, तोवर साहेबांनी वापरून विकलेल्या गाड्या मास्तरांकडे, मास्तरांकडून दुकानदाराकडे आणि तिथून आमच्यासारख्यांच्या गावात आल्या होत्या. म्हणजे लहान गाडी खेड्यात आली तीच मुळी जुनी होऊन आली. मग आज 'सेकंडहँड' म्हणताना आपण आवाज खाली का आणतो?

त्याचे कारण मला वाटते जमिनीच्या पैशात आहे. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्यातला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला आणि तो शहापूर तालुक्यातून जातो. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या हाती एकदम मोठी रक्कम आली. काहींनी शहाणपणाने दुसरीकडे जमीन घेतली, घरे बांधली. काहींच्या अंगणात मात्र घरापेक्षा उंच गाड्या उभ्या राहिल्या. त्यांच्या पैशांचे त्यांनी काय करावे हे सांगणारी मी कोण? परंतु ज्यांची जमीन गेली नाही आणि पैसाही आला नाही, त्यांनी त्या गाड्या पाहून कर्ज काढावे, हे मला पाहवत नाही.

याचा हिशेब एकदा कागदावर मांडावा. नऊ लाखांची नवी गाडी, दोन लाख आधी भरले, सात लाखांचे कर्ज, व्याज दहा टक्के, मुदत सात वर्षे. महिन्याचा हप्ता येतो साधारण ११,६०० रुपये. सात वर्षांत बँकेला परत जातात पावणेदहा लाख, म्हणजे पावणेतीन लाख नुसते व्याजाचे. शिवाय सात वर्षांनी हातात उरते ती जुनीच गाडी! भाताचे पैसे वर्षातून एकदा येतात, भेंडीचे तीन-चार महिने येतात. हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला येतो. आमच्या नात्यातल्या एकाचे तीन हप्ते थकले तेव्हा एका वित्तसंस्थेची माणसे आली आणि भर दुपारी गाडी घेऊन गेली. गाडी गेल्याचे दुःख त्यांना झालेच, पण ती सगळ्या आळीने पाहिली याचे जास्त झाले. ज्या इभ्रतीसाठी ती आणली होती, ती इभ्रत गाडीबरोबरच गेली.

यावर माझ्या चुलतभावाचे उत्तर ठरलेले आहे : "जुनी गाडी म्हणजे लोकांचं दुखणं विकत घेणं." त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. जुन्या गाडीत फसवणूक होते. पण मी त्याला विचारते, आपण बैल कधी नवा कोरा घेतला होता का? पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा भरते. तिथला गुरांचा बाजार आमच्या आबांनी किती वर्षे पाहिला आहे. दुसऱ्याच्या गोठ्यातला, दुसऱ्याने राबवलेला बैल पारखून घेणे ही आमच्या लोकांची पिढीजात विद्या. आबा आधी दात बघत. मग खांदा बघत, जुवाचा घट्टा कसा आहे ते. मग शिंगे. घासून तेल लावलेली शिंगे दिसली की म्हणत, "शिंगं लई चमकतात, दातं बघू दे परत." मग बैलाला चालवून बघत, चढावर आणि उतारावर. आणि शेवटी विकणाऱ्याला एकच प्रश्न : "एवढा चांगला हाय, मग इकतोस कशाला?" रुमालाखाली बोटे धरून भाव होई तो त्यानंतर.

मी जेव्हा गाडी पाहण्याविषयी माहिती गोळा करू लागले, दोन गॅरेजवाल्यांना विचारले, तेव्हा माझ्या ध्यानात आले की ही सगळी विद्या आबांचीच आहे.

गाडी पाहायला जायचे ते सकाळी, आणि मालकाला आधीच सांगायचे की आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. गेल्यावर प्रथम बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागले तर समजावे की थंड इंजिनाचे काहीतरी दुखणे आपल्यापासून लपवले आहे. सुरू केल्यावर मागे उभे राहून धूर पाहावा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते. ते काम मोठ्या खर्चाचे. काळा धूर म्हणजे पेट्रोल नीट जळत नाही. थंडीच्या सकाळी थोडी पांढरी वाफ निघते तिला घाबरू नये, पण पांढरा धूर थांबतच नसेल तर पाणी इंजिनात शिरते आहे. इंजिन बंद करून ऑइलचे झाकण उघडावे आणि त्याच्या आतल्या बाजूला सायीसारखा थर दिसला, तर नमस्कार करून घरी यावे.

चमकणारी शिंगे म्हणजे नवा रंग. दरवाज्याचे रबर थोडे ओढून त्याखालचा पत्रा पाहावा. कंपनीने मारलेले वेल्डिंगचे ठिपके गोल आणि सारख्या अंतरावर असतात. तिथे ओबडधोबड काम दिसले तर गाडी कुठेतरी आपटली आहे. बॉनेटच्या बोल्टांवर पान्याचे ओरखडे आहेत का पाहावे. सगळ्या काचांवर कंपनीचे नाव आणि वर्षाची खूण असते. एकच काच वेगळी असेल तर कारण विचारावे. टायरवर चार आकडे असतात. ३२२१ असे असेल तर तो २०२१ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला. टायर एकाच कडेला झिजला असेल तर पुढच्या चाकांची बैठक बिघडली आहे. किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो, हे आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण पायाखालचे रबर आणि स्टिअरिंगची कड मागे फिरवता येत नाही. चाळीस हजार किलोमीटर सांगणाऱ्या गाडीच्या क्लचचे रबर गुळगुळीत झाले असेल, तर आकडा खोटा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मालकाला बरोबर नेल्यास आधीच्या सर्व्हिसची नोंद पाहायला मिळते. जो मालक बरोबर यायला टाळाटाळ करतो त्याची गाडी सोडून द्यावी.

आमच्या बाजूला एक गोष्ट जास्त जपावी लागते, ती म्हणजे पाण्यात बुडालेली गाडी. २६ जुलै २००५ चा पूर सर्वांना आठवतो. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीने बदलापूर बुडवले, तेही फार जुने नाही. बुडालेली गाडी धुऊनपुसून, अत्तर मारून लांबच्या बाजारात विकली जाते. तिची ओळख म्हणजे सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. पाण्याची रेघ राहिलेली असते. सीट ज्या रुळांवर सरकते तिथे बोट फिरवले तर वाळलेला गाळ लागतो. मॅट उचलून पत्रा पाहावा, मागची स्टेपनी काढून तिची जागा पाहावी.

आणि मग चालवून पाहावे, तेही दलाल सांगेल त्या गुळगुळीत रस्त्यावर नव्हे. आपल्याकडे खराब रस्त्यांची वाण नाही! खड्ड्यांतून जाताना खालून खडखड आली तर लोअर आर्म किंवा बुश गेले आहेत, हा खर्च भावात वजा करता येतो. चढावर गाडी नुसतीच घोंघावते आणि वेग घेत नाही, तर क्लच संपला. तोही खर्च वजा करावा. दोष असलेली गाडी घेऊच नये असे मी म्हणत नाही. दोष कळून घ्यावी. ज्या गॅरेजवाल्यावर आपला विश्वास आहे त्याला पाचशे-हजार रुपये आणि दिवसाची मजुरी देऊन बरोबर न्यावे. फुकट आलेला जाणकार बहुधा दलालाचा मेहुणा निघतो.

बैलाला कागद नव्हते. इथे मात्र आबांची विद्या अपुरी पडते, आणि घरात शिकलेले पोर असल्याचा उपयोग होतो. आर.सी. पुस्तकातले नाव आणि विकणारा माणूस एकच आहे का? चेसीचा क्रमांक गाडीवर आणि कागदावर जुळतो का? कर्जाचा बोजा आहे का? असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय इसारही देऊ नये. ई-चलनांचा दंड किती थकला आहे, हे वाहनाच्या क्रमांकावरून मोबाइलवर दिसते. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा पाटी बसवली आहे का? सीएनजीची टाकी असेल तर तिची नोंद आर.सी.वर आहे का आणि तीन वर्षांनी करावी लागणारी दाब-चाचणी झाली आहे का? परराज्यातून आलेली स्वस्त गाडी तर घेऊच नये. इथला कर पुन्हा भरायचा आणि ना-हरकतीच्या मागे धावायचे, यात स्वस्ताई संपते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाडी आपल्या नावावर करून घेणे. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून ते तसेच गाडीच्या कप्प्यात ठेवून वर्षानुवर्षे फिरणारे लोक मला माहीत आहेत. 'काय बिघडतंय?' असे त्यांचे म्हणणे. अपघात झाला तर बिघडते. नोंदणीत ज्याचे नाव त्यालाच मालक समजावे आणि भरपाई त्याने द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे. म्हणजे विकून मोकळा झालो असे समजणारा माणूस मोकळा होत नाही. आणि घेणाऱ्याचा विमा आधीच्या मालकाच्या नावावर राहिला, तर स्वतःच्या नुकसानीचा पैसा मिळताना अडचण होते. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यायचा असतो.

आता गाडी कोणती? इथे मी फार पाल्हाळ लावणार नाही. आपल्या गावापासून दहा किलोमीटरच्या आत जिचे सामान मिळते आणि जिला हात लावायला कोणताही गॅरेजवाला घाबरत नाही, ती. शेव्हरलेच्या गाड्यांची विक्री भारतात २०१७ अखेर बंद झाली, फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन थांबवायचे ठरवले, डॅटसन २०२२ मध्ये गेली. त्यांच्या गाड्या आज स्वस्तात मिळतात आणि काही फार चांगल्याही आहेत. पण एका दिव्यासाठी कल्याण-ठाणे पालथे घालायची तयारी असेल त्यानेच त्या घ्याव्यात. डिझेल नको, कारण महिन्याला चार-पाचशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीला त्याचा फायदा मिळत नाही आणि दुरुस्ती महाग. राहता राहिल्या आल्टो, वॅगन-आर, सँट्रो, आय-टेन, क्विड. आणखी एक गोष्ट भाव करताना उपयोगी पडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या. तरी काही दलाल जुन्या गाडीचे जुनेच भाव सांगत असतात. त्यांना ही तारीख ऐकवावी. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या दहा टक्के धरून बनवलेल्या आहेत. तेव्हा इंधनाच्या रबरी नळ्या तपासून घ्याव्यात आणि मायलेज थोडे कमीच धरावे.

माझ्या मताविरुद्धचा सर्वांत भक्कम मुद्दा मात्र आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीने काढला, आणि तो मला सहजी उडवता येत नाही. ती म्हणाली, "तुझी लहान जुनी गाडी महामार्गावर ट्रकखाली आली तर काय उरेल?" जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच लहान गाड्या आपटून पाहिल्या, आल्टो ८०० सकट पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. मुंबई-नाशिक महामार्ग ओलांडणारा आणि धुक्यात माळशेज घाट चढणारा माणूस हे विसरू शकत नाही. माझे त्यावर एक उत्तर असे की, आपण तुलना कशाशी करतो? जीपच्या पायरीवर उभे राहणे आणि एका मोटारसायकलवर तिघांनी बसणे, त्यातल्या मधल्याच्या मांडीवर पोर, ही आमची आजची सुरक्षितता आहे. शून्य ताऱ्यांची गाडी तिच्यापेक्षा बरी. परंतु हे उत्तर पूर्ण नाही, हे मला कळते. एप्रिल २०१९ पासून सर्व गाड्यांना एबीएस ब्रेक आणि जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. म्हणून मी माझ्या मतात एक अट घातली आहे : ऐपत असेल तर गाडी त्या तारखेनंतरची घ्यावी, मग ती आणखी लहान का असेना.

ही अट घरात घालणे सोपे गेले नाही. आमची पुंजी पावणेतीन लाख. त्यातले पंचवीस हजार मी आधीच बाजूला काढायला लावले. जुनी गाडी घेतली की टायर, बॅटरी, ब्रेक यांतले काहीतरी पहिल्या सहा महिन्यांत मागतेच. आल्टोच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट असतो, तो बदलल्याचा पुरावा नसेल तर आधी तो बदलावा. उरले अडीच लाख. त्यात दोन गाड्या बसतात. मुरबाडला २०१३ ची वॅगन-आर आहे, दोन लाख पाच हजार सांगतात. उंच आहे, आजीला गुडघे न वाकवता बसता येते, मागे भेंडीच्या क्रेट राहतात. पण एअरबॅग नाही, आणि २०२८ मध्ये तिला पंधरा वर्षे पूर्ण होतील. मग पुन्हा तपासणी, पाच हजार रुपये नोंदणी-शुल्क आणि वर पर्यावरण कर. दुसरी शहापूरची २०२० ची आल्टो, दोन लाख साठ हजार सांगतात. ठेंगणी आहे, पण एबीएस आणि एअरबॅग आहे.

बाबांचा ओढा वॅगन-आरकडे होता, आणि कारण आजी हेच होते. त्यामुळे मला बोलायला जड गेले. शेवटी आजीनेच सोडवले : "मी काय रोज फिराया जानार हाय? वाकून बसेन. पोरं रोज बसतील ती." तेव्हा आल्टो. दोन लाख पंचेचाळीसला ती उतरेल असे आबांचे म्हणणे आहे. मालकाला "मग इकतोस कशाला?" हे विचारून झाले आहे, त्याला मोठी घ्यायची आहे, हप्त्याने.

आता वाद उरला आहे तो आर.सी.वर नाव कोणाचे, याचा. आमच्यात न विचारताच ते थोरल्या मुलाचे लागते, आणि भाऊ तर आताच मित्रांना किल्लीचा छल्ला दाखवत फिरतो आहे. माझे म्हणणे असे की पावणेतीन लाखांतले एक लाख दहा हजार आईच्या बचत गटातले आणि भाजीच्या पाटीतले आहेत. नाव आईचे लागावे. आईला गाडी चालवता येत नाही, हा भावाचा आक्षेप. बाबांना तरी कुठे येते? मालकी आणि चालवणे या दोन गोष्टी आहेत. चालवण्यासाठी मी शिकाऊ परवाना काढला आहे. महिन्यानंतर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते, आणि जुन्या गाडीवर शिकताना एखादा ओरखडा पडला तर कोणाच्या पोटात गोळा येत नाही, हाही जुन्या गाडीचा एक फायदाच. आई म्हणते, माझं नाव कशाला, सातबाऱ्यावर तरी कुठं हाय? बाबांनी अजून हो म्हटलेले नाही, नाहीही म्हटलेले नाही. फॉर्म ३० मी घरी आणून ठेवला आहे. पत्ता, गाडीचा क्रमांक, चेसीचा क्रमांक सगळे भरून झाले आहे. घेणाराच्या नावाची ओळ तेवढी सोडली आहे.